खेळ मध्येच सुरू होतो

मंडळी, या शनिवारचा विषय ऐकून काही जण हसतील. हसा बापडे. विषय आहे सर्व्हायवल क्राफ्टिंग गेम्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुम्हाला एका अनोळखी जगात रिकाम्या हातानं सोडून देतात. मग झाडं तोडा, दगड फोडा, त्यातून हत्यारं करा, डोक्यावर छप्पर घाला, पोटाला काहीतरी मिळवा आणि रात्र काढा. माइनक्राफ्ट हा यातला सगळ्यात प्रसिद्ध. टेरारिया, डोन्ट स्टार्व्ह, सबनॉटिका, व्हॅलहाइम ही सगळी त्याच गोतावळ्यातली मंडळी.

तुमच्यापैकी बहुतेकांनी यातला एखादा तरी गेम कॉलेजात असताना, जर्नल पुरं करायचं सोडून, खेळला असेल. मी खेळलो नव्हतो. मी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सुरुवात केली, आणि कारण अगदी घरगुती आहे. मुलगी म्युनिकला नोकरी करते. फोनवर आमचं बोलणं म्हणजे 'जेवलीस का', 'थंडी किती आहे' आणि 'थांब, आईला देतो', संपलं. पण रविवारी दुपारी ती मित्रमैत्रिणींबरोबर माइनक्राफ्ट खेळते, आणि तिथे मात्र दोन-दोन तास अखंड बडबड चालू असते. म्हटलं, ती फोनवर येत नसेल तर आपणच तिथे जावं.

गेलं वर्षभर खेळताना एक प्रश्न डोक्यात घोळत राहिला, आणि सवयीप्रमाणे मी त्याचा इतिहास खणत बसलो. प्रश्न असा की हे गेम्स नवख्या, त्यातून वयस्कर माणसाला इतके जड का जातात?

याचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'वय झालं, आता बोटं चालत नाहीत.' त्यात अजिबात तथ्य नाही असं नाही. २०१४ साली कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी स्टारक्राफ्ट २ खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ लोकांच्या खेळांची नोंद तपासली. निष्कर्ष असा की प्रतिसादाचा वेग वयाच्या चोविसाव्या वर्षापासूनच उतरायला लागतो. म्हणजे तरुण वाचकहो, तुमचीही उतरण केव्हाच सुरू झाली आहे, अभिनंदन :-) पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी मथळ्यांत आली नाही. वयानं मोठे खेळाडू साधे डावपेच वापरून आणि गेममधल्या सोयींचा हुशारीनं उपयोग करून ही कसर भरून काढतात.

शिवाय माइनक्राफ्टमध्ये झाड तोडायला कसला आलाय वेग? झाड काही पळून जात नाही. तरीही नवखा माणूस त्या झाडासमोर खांबासारखा उभा राहतो. तेव्हा माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. हे गेम्स मध्येच सुरू होतात. 'चार दिवस सासूचे'चा दोन हजारावा भाग लावला तर जे होईल तेच इथे होतं. पडद्यावरच्या सगळ्यांना सगळं माहीत आहे, आणि तुम्ही मात्र 'ही बाई कोण?' विचारताय. माइनक्राफ्ट आला २००९ साली, पण त्याच्या आधीचे जवळजवळ चाळीस वर्षांचे 'भाग' खेळाडूनं पाहिलेले आहेत असं तो गृहीत धरतो. तर ते मागचे भाग आज बघू या.

पहिला भाग, १९७१. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये डॉन रॉविच नावाचा एक शिकाऊ शिक्षक शाळेत इतिहास शिकवत होता. विषय होता एकोणिसाव्या शतकात बैलगाड्या जोडून पश्चिमेकडे गेलेल्या लोकांचा. बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हे त्याचे दोन रूममेट, तेही शिकाऊ शिक्षकच, आणि त्यांना प्रोग्रॅमिंग येत होतं. तिघांनी मिळून बेसिक भाषेत 'द ओरेगन ट्रेल' लिहिला आणि डिसेंबर १९७१ मध्ये तो वर्गातल्या मुलांपुढे ठेवला. स्क्रीन वगैरे काही नाही. एक टेलिटाइप, म्हणजे टाइपरायटरसारखं यंत्र, फोनच्या तारेनं लांबच्या कॉम्प्युटरला जोडलेलं. ते कागदावर प्रश्न छापणार आणि मुलं खाली उत्तर टाइप करणार. बैलांवर किती पैसे घालणार? अन्नावर किती? गोळ्यांवर किती? कपड्यांवर किती? पैसे मोजके, वाट लांब, आणि कशात तरी कमी पडलं की वाटेत मरण. सर्व्हायवल गेमचा सगळा हिशेब इथे तयार आहे. शिकार करायची तर पटकन 'बँग' हा शब्द टाइप करायचा. जितक्या लवकर टाइप कराल तितका नेम चांगला! म्हणजे बोटांचा वेग पहिल्या दिवसापासून होताच.

पण महत्त्वाचं काय, तर हा गेम विचारत होता. काय करायचं, कशातून निवडायचं, सगळं त्या कागदावर छापून येत होतं. ज्याला वाचता येतं त्याला खेळता येतं, मग तो बारा वर्षांचा असो की बासष्टचा. (जाता जाता: सत्र संपल्यावर रॉविचनं प्रोग्रॅमची छापील प्रत काढून घेतली आणि कॉम्प्युटरवरून तो पुसून टाकला. १९७४ मध्ये नव्या नोकरीत त्यानं ती प्रत समोर ठेवून अख्खा प्रोग्रॅम पुन्हा टाइप केला. गिट नसताना बॅकअप असा असायचा.)

दुसरा भाग, १९८०च्या आसपास. कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी 'रोग' लिहिला, पुढे बर्कलीत केन अर्नोल्ड येऊन मिळाला. आता स्क्रीन आली होती. एक भुयार, त्यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे कीबोर्डवरचं एखादं अक्षर किंवा चिन्ह, आणि तुम्ही म्हणजे '@'. मेलात की मेलात, आधी सेव्ह केलेला खेळ परत मिळत नाही. सापडलेलं औषध कसलं आहे ते पिऊन बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणजे करून बघणं हीच शिकण्याची पद्धत. आज 'मेलास तर सगळं गेलं' आणि 'स्वतः शोधून काढ' हे जे दोन नियम या गेम्समध्ये दिसतात, त्यांचं मूळ इथे आहे.

इथे गेमनं प्रश्न विचारणं थांबवलं. आता प्रत्येक बटण हा एक हुकूम होता आणि तो तुम्हाला आधीच ठाऊक असायला हवा होता. पण त्याचं एक व्यवस्थित माहितीपत्रक होतं, गेमबरोबरच यायचं. बर्कलीच्या युनिक्सबरोबर रोग जगभरच्या विद्यापीठांत पोचला, आणि तिथल्या लोकांना माहितीपत्रक वाचून शिकायची सवयच होती.

रोगमध्ये चालायची बटणं कुठली? एच, जे, के, एल. आमच्या पिढीचे कान इथे टवकारतील, कारण हीच बटणं व्हीआय एडिटरमध्ये कर्सर हलवायला वापरतात. ती तिथे का आली, तर बिल जॉयनं व्हीआय लिहिला तेव्हा त्याच्यापुढे एडीएम-३ए नावाचा टर्मिनल होता आणि त्याच्या या चार बटणांवर बाण छापलेले होते. बस, एवढंच. कुणा एकाच्या टेबलावर कुठलं यंत्र होतं यावरून लाखो लोकांची बोटं वळली. माझीही. मी १९९०च्या दशकात नोकरीला लागलो तेव्हा हापिसात व्हीआयच होता, आणि आजही झोपेत विचारलंत तर माझा उजवा हात जे-केवर जाईल.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरा भाग. १९९२ मध्ये फिनलंडच्या सामी मारानेननं 'अनरिअल वर्ल्ड' काढला. लोहयुगातला उत्तरेकडचा थंड प्रदेश. सापळे लावायचे, मासे पकडायचे, कातडी कमवायची, लाकडाची झोपडी बांधायची, हिवाळा काढायचा. आज आपण सर्व्हायवल क्राफ्टिंग म्हणतो ते जवळपास सगळं त्यात होतं, आणि कमाल म्हणजे हा माणूस तीस वर्षांहून अधिक काळ त्याच गेमवर काम करत राहिला. मग ऑगस्ट २००६ मध्ये टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन भावांनी 'ड्वार्फ फोर्ट्रेस' फुकट उपलब्ध केला. बुटक्यांची वसाहत वसवायची, डोंगर खोदायचा, कोठारं भरायची. चित्रं नाहीत, सगळी अक्षरं आणि चिन्हं. मेनूच्या आत मेनू, त्याच्या आत मेनू.

आता गेम शिकण्यासाठी गेमच्या बाहेर जाणं आलं. खेळणाऱ्यांनीच विकी लिहिले, एकमेकांना शिकवलं. ड्वार्फ फोर्ट्रेस किती किचकट असावा? तर २०१२ मध्ये ओरायलीनं, हो, तेच मुखपृष्ठावर प्राणी छापणारे, हा गेम कसा सुरू करावा यावर अख्खं पुस्तक काढलं. पर्ल, लिनक्स आणि ड्वार्फ फोर्ट्रेस एकाच कपाटात!

म्हणजे बघा, ज्ञान हळूहळू गेममधून बाहेर चाललंय. १९७१ मध्ये ते गेमच्या आत होतं. १९८० मध्ये गेमबरोबरच्या कागदावर होतं. २००६ मध्ये ते इतर खेळाडूंच्या डोक्यात होतं.

आता येतो माइनक्राफ्ट. २००९च्या एप्रिलमध्ये झॅक बार्थनं 'इन्फिनिमायनर' काढला. ठोकळ्यांचं जग, दोन संघ, खाणीतून माल काढायची स्पर्धा. लोकांनी स्पर्धा बाजूला ठेवून ठोकळे रचायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत कुणीतरी त्याचा कोड उलगडून काढला, मग बार्थनं सरळ सोर्सच खुला केला. हा गेम बघून स्वीडनच्या मार्कस पर्सननं (याला सगळे नॉच म्हणतात) स्वतःचा गेम जावामध्ये लिहायला घेतला आणि १७ मे २००९ रोजी त्याची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. तेव्हा त्यात फक्त ठोकळे ठेवता आणि फोडता येत होते. त्याच वर्षी सप्टेंबरात राक्षस आले आणि जीव गमावायची सोय झाली. २०१०च्या सुरुवातीला क्राफ्टिंग आलं.

या क्राफ्टिंगबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घोडं इथेच पेंड खातं. तीन बाय तीन, असे नऊ चौकोन. त्यात वस्तू मांडायच्या. मांडणी बरोबर असेल तर नवी वस्तू तयार. ओंडक्याच्या चार फळ्या होतात. फळीवर फळी ठेवली की काठ्या. वरच्या ओळीत तीन फळ्या, मधल्या उभ्या रांगेत खाली दोन काठ्या, की झाला टिकाव. कोळशाखाली काठी ठेवली की चार मशाली. एकदा माहीत असलं की मस्त आहे, कारण मांडणी त्या वस्तूसारखीच दिसते. पण माहीत नसेल तर? नुसत्या फळ्या आणि काठ्या हातात आहेत असं धरा. प्रत्येक चौकोन रिकामा, फळी किंवा काठी, म्हणजे तीनचा नववा घात: १९,६८३ मांडण्या. त्यातल्या मोजक्याच चालतात. आणि गेम यातलं अवाक्षर बोलत नव्हता! दिवस दहा मिनिटांचा, मग अंधार, मग झोंबी. दहा मिनिटांत १९,६८३पैकी नेमकी मांडणी शोधून दाखवा.

असं असून जानेवारी २०११ मध्ये, गेम अधिकृतपणे पुरा व्हायच्या आधीच, दहा लाख प्रती खपल्या. हे कसं? तर प्रत्येक खेळाडूला दुसऱ्या कुणीतरी शिकवलं होतं. माइनक्राफ्टचा विकी जुलै २००९ मध्येच सुरू झाला होता. २०१० मध्ये पॉल सोअर्स ज्युनिअर नावाच्या गृहस्थांनी यूट्यूबवर 'पहिली रात्र कशी काढायची' पासून धडे सुरू केले. शाळेतल्या मधल्या सुट्टीत एक मूल दुसऱ्याला सांगायचं. आपल्याकडे 'रुचिरा' छापून येण्याआधी पुरणपोळी अशीच एका स्वयंपाकघरातून दुसऱ्यात जायची. कुणाच्या तरी शेजारी उभं राहून बघायचं. ज्याच्याजवळ शेजारी उभं राहायला कुणी नाही, त्याची पोळी फुटणार.

आणि कळीचा मुद्दा हाच आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला असा शेजारी शाळेत, सोसायटीत, बसमध्ये फुकट मिळतो. पन्नाशीतल्या माणसाला कोण मिळणार? त्याच्या वयाच्या मित्राला गेम येत नाही. ज्याला येतो तो त्याच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे, आणि त्याला विचारायला हा लाजतो. ज्ञान गेमच्या बाहेर गेलं आणि ठरावीक वयाच्या लोकांच्या गप्पांमध्ये जाऊन बसलं. त्या गप्पांमध्ये नसलेला माणूस आपसूक बाहेर राहिला. त्याला कुणी हाकललं नव्हतं. फक्त दार कुठे आहे ते कुणी सांगितलं नाही.

पुढे गाडी हळूहळू उलटी फिरली हे खरं. २०११चा टेरारिया सुरुवातीलाच एक गाइड सोबत देतो. त्याला एखादी वस्तू दाखवली की तिच्यापासून काय काय बनतं ते तो सांगतो. मे २०१२ मध्ये माइनक्राफ्ट एक्सबॉक्स ३६० वर आला, स्कॉटलंडच्या फोरजे स्टुडिओजनं केलेला. गेमपॅडवर नऊ चौकोन भरत बसणं त्रासाचं, म्हणून त्यांनी वस्तूंची सरळ यादी दिली, आणि नवख्यांसाठी शिकवणीचं वेगळं जगही दिलं. कॉम्प्युटरवरच्या माइनक्राफ्टमध्ये रेसिपी बुक यायला मात्र जून २०१७ उजाडला. म्हणजे क्राफ्टिंग आल्यावर तब्बल सात वर्षांनी! व्हॅलहाइममध्ये (२०२१) नवी वस्तू उचलली की तिच्यापासून काय करता येईल ते आपोआप उघडतं, आणि हुगिन नावाचा डोमकावळा अधूनमधून येऊन चार शब्द सांगून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये ड्वार्फ फोर्ट्रेससुद्धा चित्रं, माऊस आणि शिकवणी घेऊन स्टीमवर आला. पन्नास वर्षांचा फेरा घालून ज्ञान पुन्हा गेमच्या आत आलं.

मग आता सगळं सोपं झालं का? नाही. कारण एक प्रकारचं ज्ञान कुठल्याच पुस्तकात परत आलं नाही. ते म्हणजे हाताचं.

१९९२चा वुल्फेनस्टाइन थ्रीडी आणि १९९३चा डूम आपण (म्हणजे माझे हॉस्टेलमधले मित्र, मी मागे उभा) बाणांच्या बटणांवर खेळायचो. १९९६ मध्ये क्वेक आला. खरं त्रिमिती जग, त्यामुळे वर-खाली बघायला माऊस हवा. माऊस उजव्या हातात गेला, मग चालायचं काम डाव्या हाताकडे आलं. कोण कुठली बटणं वापरायचा याचा काही नेम नव्हता. डेनिस फॉंग ऊर्फ थ्रेश हा त्या काळचा क्वेकचा बादशहा. १९९७च्या स्पर्धेत त्यानं चक्क जॉन कारमॅकची फेरारी जिंकली. तो डब्ल्यू, ए, एस, डी वापरायचा. जिंकणाऱ्याची नक्कल सगळे करतात. १९९८च्या हाफ-लाइफमध्ये ही चौकडी आधीपासूनच बसवलेली आली आणि पुढे तो अलिखित कायदाच झाला. २००९ मध्ये नॉचला त्याबद्दल विचारही करावा लागला नसेल.

म्हणजे पुन्हा तेच! एका टर्मिनलवर छापलेल्या बाणांनी माझी बोटं घडवली, आणि क्वेकच्या एका बादशहाच्या सवयीनं माझ्या मुलीची. एका हातानं चालायचं, दुसऱ्या हातानं बघायचं, आणि दोन्ही एकाच वेळी. ज्यानं हे बाराव्या वर्षी केलं त्याला यात शिकण्यासारखं काही आहे हेच दिसत नाही. सायकल येणाऱ्याला तोल दिसत नाही तसं.

माझ्या मुलीच्या बाबतीत हे मी प्रत्यक्ष पाहिलं. ती गेल्या दिवाळीत घरी आली होती तेव्हा मी तिला विचारलं, "धावायचं कसं?" ती म्हणाली, "अरे बाबा, सोपं आहे, नुसतं धाव ना." "हो, पण कुठलं बटण?" ती गप्प झाली. मग तिनं हात कीबोर्डवर ठेवला, गेममध्ये चार पावलं धावली, आणि स्वतःच्याच बोटांकडे खाली बघून म्हणाली, "कंट्रोल. किंवा डब्ल्यू दोनदा." तिला ते माहीत नव्हतं, तिच्या करंगळीला माहीत होतं. मला व्हीआयमधून बाहेर कसं पडायचं असं कुणी विचारलं की माझंही अगदी असंच होतं.

त्या दिवसापासून आमची पद्धत बदलली. ती स्वतः करून दाखवत नाही, तोंडानं सांगते. आधी स्वतःच्या हाताकडे बघते, मग सांगते. आणि कशामागचं कारण काय तेही विचारायची मला मुभा आहे. खाली खोदताना पायाखालचा ठोकळा फोडायचा नाही, का? कारण खाली पोकळी किंवा लाव्हा असू शकतो. मशाली का लावत सुटायचं? कारण अंधारात राक्षस जन्माला येतात, आपण खाणीत उजेड करतो तो बघण्यासाठी कमी आणि त्यांना थोपवण्यासाठी जास्त. लोखंडासाठी दगडाचा टिकाव का? कारण लाकडाच्या टिकावानं लोखंडाचा दगड फुटतो पण हाती काही लागत नाही. कारणासकट सांगितलं की माझ्या डोक्यात पक्कं बसतं. सुटं सुटं पाठांतर आता होत नाही, पण एकाला एक जोडून दिलं तर हे वय मुळीच वाईट नाही. तीस वर्षं दुसऱ्यांचा कोड वाचण्यात गेलीत, 'हे असं का असेल' हा विचार करायची सवय आहेच. ती इथे उपयोगी पडते.

दुसरं म्हणजे मी तीन गोष्टी वेगवेगळ्या केल्या. हात, माहिती आणि भीती. नवख्याला हे गेम तिन्ही एकदम देतात, म्हणून तो गांगरतो. माइनक्राफ्टमध्ये 'पीसफुल' नावाची पातळी आहे, तिच्यात राक्षस येत नाहीत आणि भूकही लागत नाही. पहिले दोन आठवडे मी त्यात नुसता हिंडलो. टेकड्या चढलो, पाण्यात पोहलो, झाडांना प्रदक्षिणा घातल्या. हात बसल्यावर रेसिपी बुक उघडलं. आणि शेवटी राक्षस सुरू केले, तेही 'कीप इन्व्हेंटरी' हा नियम चालू करून, म्हणजे मेलं तरी सामान हातचं जात नाही. हा नियम २०१२ पासून गेममध्ये आहे. सबनॉटिकात 'फ्रीडम' म्हणून अशीच सोय आहे, तहानभूक बंद, समुद्र तोच. कट्टर लोक याला फसवणूक म्हणतात. म्हणोत. १९७१च्या वर्गातही मुलं आधी प्रश्न वाचत होती, मग बैल विकत घेत होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या खटाटोपातून मिळालं काय? मिळालं ते सांगतो. रविवारी दुपारी आम्ही दोन तास एका जगात असतो. ती खाणीत, मी वर शेतात. गव्हाचं आणि मेंढ्यांचं खातं माझ्याकडे आहे. समोरासमोर फोन धरून जे बोलणं होत नाही ते हाताला काम असलं की होतं, जसं पूर्वी शेंगा सोलताना व्हायचं. तिच्या नोकरीत मधे बरंच काही बिनसलं होतं, ते मला मेंढ्यांची लोकर कातरताना कळलं. 'जेवलीस का' विचारून कधीच कळलं नसतं.

म्हणून तरुण मंडळींना एवढंच सांगणं आहे. तुमच्या आई-बाबांना एखादा गेम, किंवा खरं तर कुठलंही नवं यंत्र शिकवायची वेळ आली आणि 'अगं सोपं आहे' हे शब्द ओठांवर आले की क्षणभर थांबा. ते सोपं नाहीये, तुम्ही मागचे दोन हजार भाग बघितलेत. तुमच्या हातातून माऊस खाली ठेवा, त्यांचा हिसकावून घेऊ नका, आणि एक-एक बटण तोंडानं सांगा. सांगता येत नसेल तर स्वतःच्या बोटांकडे बघा. हापिसात नव्या जॉइन झालेल्या पोराला तुमची सिस्टिम समजावतानाही हेच करून बघा. तिथेही निम्मं ज्ञान कुठल्या डॉक्युमेंटमध्ये नसून चार जुन्या लोकांच्या करंगळीतच असतं.

आणि माझ्या वयाच्या वाचकांनो, जे कुणी चुकून इथवर आला असाल: पीसफुलवर सुरू करा, दोन आठवडे नुसते हिंडा, आणि ज्याला विचारायला लाज वाटते त्यालाच विचारा.

असो. चहाची वेळ झाली. उद्या रविवार, आणि गहू कापायला आलाय.